गाडी थांबणार नाही, पण टपाल उतरणार!

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

सध्या आपल्याकडं कुठल्याही लहान स्टेशनावर जा, एक निवेदन तयारच असतं : ‘अमुक एक्स्प्रेसला इथं थांबा मिळालाच पाहिजे.’ कोविडनंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा कितीतरी लहान स्टेशनांवरचे थांबे परत आलेच नाहीत, हे रोज जा-ये करणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको. रेल्वेचं उत्तरही पाठ झालंय. थांबा दिला की वेळ जातो, आणि तुमच्या स्टेशनावर तेवढी तिकिटं खपत नाहीत.

हे ऐकलं की मला एका जुन्या यंत्राची गोष्ट सांगावीशी वाटते. कारण ‘गाडी जोरात पळाली पाहिजे’ आणि ‘लहान गावालाही त्याचं मिळालं पाहिजे’ हे भांडण आजचं नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात हेच भांडण उभं राहिलं होतं. फक्त तेव्हा ते माणसांचं नव्हतं, पत्रांचं होतं. आणि त्या लोकांनी उत्तर काढलं ते असं : गाडी थांबवायचीच नाही, धावत्या गाडीतून टपालाची थैली खाली टाकायची आणि गावाची थैली धावत्या गाडीत उचलून घ्यायची. आणि हे हातानं नाही, यंत्रानं. रात्रीच्या अंधारात, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासच्या वेगात!

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना यातला अर्धा भाग लगेच डोळ्यांसमोर येईल. एकेरी मार्गावर टोकनची पद्धत होती, तेव्हा स्टेशनावरचा माणूस वेताची मोठी रिंग उंच धरून उभा राहायचा. रिंगेला चामड्याच्या पाकिटात लोखंडी गोळा असायचा. इंजिनातला असिस्टंट हात बाहेर काढून ती रिंग खांद्यावर झेलायचा आणि आधीची रिंग खाली टाकायचा. गाडी हळू व्हायची, पण थांबायची नाही. आता त्या रिंगेच्या जागी वीस-पंचवीस किलोची टपालाची थैली ठेवा आणि गाडीचा वेग दुप्पट-तिप्पट करा. माणसाच्या हाताचं ते काम नव्हे. हात खांद्यातून निखळला असता.

आधी गरज कुठून आली ते बघू.

लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १८३० साली सुरू झाली आणि त्याच वर्षी तिच्यावरून टपाल जायला लागलं. त्याआधी टपाल घोड्यांच्या गाड्यांतून जायचं. घोडे बदलायला थांबावंच लागायचं, त्यामुळं वाटेवरच्या गावांना टपाल आपसूक मिळायचं. रेल्वे आली आणि घोडागाड्या एकेक करून बंद पडल्या. पण रेल्वेगाडी प्रत्येक गावाला थांबेल कशी? वाफेच्या इंजिनाची गाडी एकदा थांबवायची म्हणजे ब्रेक लावण्यापासून परत वेग घेईपर्यंत पाच मिनिटं गेली असं धरा. वाटेत वीस गावं असतील, तर शंभर मिनिटं गेली. मग रेल्वेचा उपयोग काय? आणि नाही थांबली, तर घोड्याच्या काळात रोज टपाल मिळणारं गाव रेल्वेच्या काळात मागं पडणार. प्रगतीनं गावाला काही दिलं नाही, उलट होतं ते काढून घेतलं, असा प्रकार.

१८३८ साली तीन गोष्टी घडल्या. जानेवारीत ग्रँड जंक्शन रेल्वेवर घोडे न्यायचा एक डबा बदलून त्यात टपालाचं सॉर्टिंग सुरू झालं. गाडी पळतेय आणि आत कारकून पत्रं लावतायत. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं कायदा केला, की टपालखात्यानं सांगितल्यावर रेल्वे कंपन्यांना टपाल न्यावंच लागेल. आणि त्याच वर्षी लंडनजवळच्या बॉक्समूरला धावत्या गाडीतून थैल्यांची देवघेव करून पाहिली गेली.

यातली मधली गोष्ट मी मुद्दाम अधोरेखित करतो. रेल्वे कंपन्या खासगी होत्या, नफ्यासाठी होत्या. टपाल न्यायची त्यांची हौस नव्हती. पैसे मिळायचे, पण नकार द्यायची सोय नव्हती. कायदा पाठीशी होता, म्हणून यंत्र रुळालगत टिकू शकलं.

दोनच वर्षांत, जानेवारी १८४० मध्ये, रोलंड हिल यांच्या प्रयत्नातून पेनी पोस्ट आलं. पत्र शेजारच्या गावाला टाका नाहीतर देशाच्या दुसऱ्या टोकाला, अर्ध्या औंसापर्यंत एकच पेनी. पत्रांचा पूर लोटला. आणि त्याबरोबर एक प्रश्नही आला, जो सहसा कुणी बोलून दाखवत नाही : दर सगळ्यांना सारखा, मग वेळ सारखी का नको? लंडनच्या माणसानं एका पेनीत दुसऱ्या दिवशी पत्र मिळवायचं आणि आडगावच्या माणसानं त्याच पेनीत तीन दिवस थांबायचं, हे कसं चालेल?

आता यंत्राकडं येऊ. ऐकायला जादू वाटते, पण तत्त्व अगदी साधं आहे. दोन हात आणि दोन जाळी.

रुळालगत एक खांब. त्याच्या बाहेर आलेल्या हाताला गावाची थैली टांगलेली. जाड चामड्यात गुंडाळून पट्ट्यांनी आवळलेली. पुढं-मागं थोड्या अंतरावर जमिनीत पक्कं बसवलेलं एक मोठं जाळं. गाडीच्या टपालाच्या डब्याला हेच दोन अवयव उलट्या बाजूनं. डब्याच्या बाजूला घडी होणारं जाळं आणि दाराजवळ बाहेर पडणारा लोखंडी हात, त्याला गावासाठी उतरवायची थैली टांगलेली. जागा जवळ आली, की आतला माणूस जाळं बाहेर पाडतो आणि हात बाहेर ढकलतो. गाडीवरची थैली जमिनीवरच्या जाळ्याच्या दोरीत अडकून सुटते आणि जाळ्यात पडते. खांबावरची थैली डब्याच्या जाळ्यात अडकते आणि धाडकन आत येते. सगळा खेळ डोळ्याचं पातं लवायच्या आत.

थैली टपालासकट साधारण साठ पौंडांपर्यंत, म्हणजे सत्तावीस किलोपर्यंत भरायची. ती या वेगानं आत आली की समोर जे असेल त्याला उडवणार. म्हणून जाळं बाहेर पडलं की डब्यात घंटा वाजायची आणि ती वाजेपर्यंत सगळ्यांनी बाजूला राहायचं.

खरा प्रश्न होता वेळेचा. हिशोब करा. ताशी साठ मैल म्हणजे सेकंदाला सत्तावीस मीटर. जाळं उशिरा पाडलं, तर थैली हुकली आणि गावाचं टपाल खांबावरच राहिलं. लवकर पाडलं, तर बाहेर आलेलं जाळं किंवा हात एखाद्या पुलाच्या कठड्याला, सिग्नलच्या खांबाला जाऊन आदळणार. रुळालगत पांढऱ्या पाट्या लावलेल्या असायच्या, रात्री त्यांवर उजेड असायचा. पण धुकं पडलं की पाटी दिसायची नाही. मग कारकून कानांवर काम करायचे. पुलाखालून जाताना गाडीचा आवाज बदलतो, तो ओळखायचा. त्यानंतर रुळांच्या सांध्यांवर पडणारे ठोके मोजायचे. ब्रिटिश टपालखात्याच्या फिल्म युनिटनं १९३६ साली ‘नाइट मेल’ नावाचा माहितीपट काढला. त्यात नवशिक्या कारकुनाला हे शिकवतानाचा प्रसंग आहे : दोन पूल जाऊ द्यायचे, मग पंचेचाळीस ठोके मोजायचे आणि मगच थैली बाहेर. त्या माहितीपटाला कविता ऑडेन यांची आणि संगीत बेंजामिन ब्रिटन यांचं होतं. एवढे मोठे कलावंत लागले, पण माझ्या डोक्यात घर करून बसला तो बोटांवर ठोके मोजणारा कारकून.

आणि खाली, रुळालगतही एक माणूस असायचा, हे विसरू नका. पाऊस असो, बर्फ असो, गाडीच्या आधी तिथं पोहोचायचं, जाळं उघडायचं, थैली टांगायची, गाडी गेली की आलेली थैली काढायची आणि जाळं बंद करायचं. मध्यरात्री दोनलाही. त्याच्यामुळं सकाळी गावात पत्र यायचं. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटनमध्ये अशी दोनशेहून जास्त ठिकाणं होती.

हे यंत्र डोक्यातून काढणाऱ्याचं काय झालं? नॅथॅनियल वर्सडेल हा रेल्वेचे डबे बांधणारा कारागीर. स्टीफन्सनच्या प्रसिद्ध ‘रॉकेट’ इंजिनाचा टेंडर यानंच बांधलेला. १८३८ च्या जानेवारीत त्यानं थैल्या बदलायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि टपालखात्याला विकायला गेला. किंमत जमली नाही. खात्यानं मग आपल्याच एका अधिकाऱ्याचं, जॉन रॅमझीचं, यंत्र वापरायला घेतलं. पुढं जॉन डिकर या दुसऱ्या अधिकाऱ्यानं त्यात मोठी सुधारणा केली आणि तेच रूप शेवटपर्यंत टिकलं. कल्पना कारागिराची, शिक्का साहेबाचा. ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

आता अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जाऊ. तिथं अंतरं मोठी, गावं विरळ, आणि थैली झेलायची पद्धत जास्त रांगडी. १८६४ च्या ऑगस्टमध्ये शिकागोहून आयोवातल्या क्लिंटनकडं जॉर्ज आर्मस्ट्राँग यांनी फिरतं टपाल ऑफिस सुरू केलं. तिथल्या खांबावर थैली वर-खाली दोन हातांमध्ये ताणून लावलेली असायची. मधोमध पट्टा आवळून तिचा आकार डमरूसारखा केलेला. डब्याच्या दारात एक लोखंडी आकडा. कारकून तो ऐन वेळी बाहेर फिरवायचा, डमरूची कंबर आकड्यात सापडायची. आणि गावाची थैली? ती सरळ लाथ मारून दाराबाहेर! जाळं वगैरे काही नाही. ती चाकाखाली जाऊ नये म्हणून लाथ जोरात मारावी लागायची.

हे कारकून म्हणजे चालतीबोलती कोष्टकं होती. कुठल्या गावाचं पत्र कुठल्या गाडीला, कुठल्या जंक्शनला द्यायचं हे तोंडपाठ असावं लागे आणि त्याच्या परीक्षा होत. पत्त्यांच्या कॅटसारखी कार्डं घेऊन घरी बसून सराव करायचा. कमरेला सरकारी रिव्हॉल्व्हर, कारण थैल्यांत पैसेही असायचे.

आणि धोका पहिला त्यांनाच. टपालाचा डबा बहुतेक वेळा इंजिनामागोमाग लागायचा, आणि सुरुवातीला तो लाकडी असायचा. टक्कर झाली की आधी तोच चुरगळायचा. २७ सप्टेंबर १९०३ ला व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलजवळ सदर्न रेल्वेची ९७ नंबरची फास्ट मेल पुलावरून खाली कोसळली. गाडी उशिरा धावत होती, टपालाच्या करारात उशिराला दंड होता आणि चालक वेळ भरून काढत होता. अकरा माणसं गेली, त्यांत टपालाचे कारकूनही होते. वेगाची किंमत कुणीतरी मोजतंच. पत्र वेळेवर मिळणाऱ्याला ती दिसत नाही एवढंच.

यातलाच एक भाग आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी तरी नीट वाचावा. यादवी युद्धानंतर या नोकरीत बरेच कृष्णवर्णीय आले. काम जोखमीचं, डबे लाकडी, तोवर कुणाची तक्रार नव्हती. पुढं पोलादी डबे आले, नोकरी जरा सुरक्षित झाली आणि त्यांना बाहेर ढकलायची खटपट सुरू झाली. कारकुनांच्या संघटनेनं, रेल्वे मेल असोसिएशननं, १९११ साली कृष्णवर्णीयांना सभासद करणं बंद केलं. कृष्णवर्णीय कारकून गप्प बसले नाहीत. १९१३ साली टेनेसीतल्या चॅटनूगा शहरात जमून त्यांनी स्वतःची संघटना काढली. त्या भेदभावाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४५ साली न्यायालयानं न्यूयॉर्क राज्याचा भेदभावविरोधी कायदा उचलून धरला. काम घाणीचं-धोक्याचं असतं तेव्हा दार उघडं, आणि त्याला प्रतिष्ठा आली की दार बंद. आपल्याकडं या दाराला वेगळं नाव आहे, इतकंच.

मग हे सगळं संपलं कसं? बरेच जण म्हणतील, तंत्रज्ञान जुनं झालं. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं हिशोबाच्या वहीत आहे.

अमेरिकेत १ जुलै १९६३ ला झिप कोड आला. पत्त्यात आकडा आला, की गावं पाठ असलेल्या कारकुनाची गरज कमी झाली. टपाल मोठ्या शहरातल्या मोठ्या इमारतीत गोळा करायचं, तिथं यंत्रावर लावायचं आणि ट्रक-विमानानं पाठवायचं. १९६७ च्या सप्टेंबरात टपालखात्यानं रेल्वेवरच्या फिरत्या ऑफिसांचे बहुतेक करार रद्द केले. आणि तेव्हा लोकांना कळलं, की आपण बसत होतो त्या प्रवासी गाड्या तिकिटावर चालतच नव्हत्या. टपालाच्या पैशावर चालत होत्या! करार गेले आणि रेल्वे कंपन्यांनी भराभर गाड्या बंद करायचे अर्ज टाकले. सांता फे कंपनीनं तर महिन्याभरात आपल्या बऱ्याच गाड्या काढून टाकायचा बेत जाहीर केला. कितीतरी लहान गावांची टपालाची थैली गेली आणि तिच्या मागोमाग गाडीही गेली. १९७१ च्या मे महिन्यात सरकारला अॅमट्रॅक काढून उरलेल्या प्रवासी गाड्या हातात घ्याव्या लागल्या. शेवटचं फिरतं ऑफिस न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावरचं, ते ३० जून १९७७ ला बंद झालं.

ब्रिटनमध्ये धावत्या गाडीत थैली झेलण्याचा शेवटचा प्रसंग ऑक्टोबर १९७१ मध्ये पेनरिथजवळ घडला. फिरती टपाल ऑफिसं त्यानंतरही तीस-बत्तीस वर्षं चालली आणि जानेवारी २००४ मध्ये बंद झाली.

आपल्याकडं? बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची. दहाच वर्षांत, १८६३ साली, अलाहाबाद-कानपूर मार्गावर गाडीत टपालाचं सॉर्टिंग सुरू झालं. ‘मेल’ हा शब्द आपल्या तोंडी बसला तो त्याच टपालामुळं. आजही पंजाब मेल, हावडा मेल म्हणतो आपण, टपालाचा विचारही न करता. स्टेशनावरची आर.एम.एस.ची पाटी तुम्ही पाहिली असेलच. धावत्या गाडीत बसून पत्रं लावायचं काम मात्र आता जवळपास संपलं. बंद बॅगा जातात, सॉर्टिंग शहरात होतं.

आणि ज्या आकड्यानं हे शक्य झालं, त्याच्यामागं एक मराठी माणूस आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेला पिन कोड श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखला. केंद्र सरकारात मोठे अधिकारी आणि संस्कृतात नाटकं-काव्यं लिहिणारे पंडित. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. आपला ४ नंबर महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा. यातली सुंदर गोष्ट अशी, की पिनमध्ये मुंबईच्या फोर्टाला सहा आकडे आणि गडचिरोलीतल्या आडगावच्या पोस्टालाही सहाच आकडे. यादीतून कुणी सुटलेलं नाही. आकड्यानं गाव पुसायलाच पाहिजे असं नाही. तो आकडा कोण कशासाठी वापरतं, यावर ते ठरतं.

आता थांब्याच्या भांडणाकडं परत येतो. माणसं काही खांबाला टांगून झेलता येत नाहीत, हे मलाही कळतं. प्रत्येक एक्स्प्रेस प्रत्येक स्टेशनावर थांबू शकत नाही, हेही मान्य. पण त्या यंत्राच्या काळात सवाल कसा टाकला होता ते बघा : ‘गाडी थांबवता येत नाही, तर मग या गावाला कसं पोहोचवायचं?’ आज सवाल असा टाकला जातो : ‘या गावात थांबण्याइतकी तिकिटं खपतात का?’ पहिल्या सवालातून खांब, जाळं, घंटा आणि ठोके मोजणारा कारकून निघाला. दुसऱ्या सवालातून फक्त नकार निघतो.

म्हणून माझं निवेदनवाल्यांना एक सांगणं आहे. फक्त ‘थांबा द्या’ म्हणू नका. थांबा जमत नसेल, तर जवळच्या जंक्शनपर्यंत एक्स्प्रेसच्या वेळेला जुळणारी पॅसेंजर किंवा मेमू द्या, तिथं दहा मिनिटांत गाडी बदलता येईल असं वेळापत्रक द्या, एस.टी. त्या वेळेला लावा, असं मागा. आणि तिकीटविक्रीचा आकडा तोंडावर फेकला, तर विचारा की गाडी भलत्या वेळेला ठेवल्यावर तिकिटं खपणार कशी? पत्रांच्या बाबतीत १८३८ साली एका देशानं कायद्यानं मान्य केलं, की लहान गावापर्यंत पोहोचणं ही मेहरबानी नाही, कर्तव्य आहे. माणसांच्या बाबतीत तेवढं मान्य करायला आपल्याला अजून किती वर्षं लागणार?

तुमच्या भागात टोकनची रिंग झेलताना पाहिलेली, आर.एम.एस.मध्ये नोकरी केलेली घरातली कुणी मंडळी असतील, तर त्यांना विचारून खाली जरूर लिहा. आणि तुमच्या स्टेशनावरचा कुठला थांबा गेला, कोणत्या गाडीचा, तेही लिहा. नुसती हळहळ नको, यादी करू. यादी असली की निवेदनाला वजन येतं.